सतरावा सेकंद

म्हापशाच्या दुकानात काचेच्या कपाटाखाली एक खण होता,
गिऱ्हाईक परत न आलेल्या वस्तूंचा.
त्यात ते पितळेचं निमुळतं डोकं पडून असे,
कुठल्याशा तोफगोळ्याच्या नाकावरचं.
इमामसाब बेळगुंदीनं मुरगावच्या भंगारातून आणलेलं,
दारू केव्हाच काढलेली, पोट धुऊन स्वच्छ,
तरी आई दुकानात आली की
त्या खणापासून चार हात लांब बसायची.

बाबांनी भिंग डोळ्याला लावलं
आणि बराच वेळ बोललेच नाहीत.
मग म्हणाले, हा बनवणारा घड्याळजीच.

आत दातेरी चाकं, घट्ट वळलेली स्प्रिंग,
एवढीशी टकटक करायला एवढासा आकडा.
काटे मात्र नव्हते.
वेळ कुणाला दाखवायचीच नव्हती त्याला.

त्यांनी चिमट्याच्या टोकानं मला दाखवलं:
तोफेतून सुटताना पाठीत असा धक्का बसतो
की ही कडी मागे सरते.
मग गोळा स्वतःभोवती गरगरतो,
तेव्हा ही दुसरी बाहेर फेकली जाते.
तोवर झोप.
हमालानं टाकलं तरी झोप,
गाडीत आदळलं तरी झोप.
एवढी काळजी, म्हाबळू शेट स्वतःशीच म्हणाले,
एवढी मी पोरीच्या पाळण्याचीही घेतली नाही.

मी आठ वर्षांची. मला ऐकू आलं ते फक्त गरगरणं.
भर दुपारी भोवऱ्याची दोरी त्या डोक्याला गुंडाळली,
हात मागे नेला,
आणि बाबांनी जन्मात एकदाच माझं मनगट पिरगळलं.
"हें एकूच फावट चलता."
रिकामं आहे हे त्यांना माहीत होतं.
मलाही.

पुढे मिंगेल पोदेराचं अलार्मचं घड्याळ बंद पडलं.
रात्री दोनला उठून भट्टी पेटवणारा माणूस,
आणि सुटे भाग बोटीतून यायचे थांबलेले.
बाबांनी खण उघडला.
स्प्रिंग काढली, छाटली, बसवली.
घड्याळ चाललं, पण रोज अकरा मिनिटं पुढे.
तेल घातलं, ढिली केली, दोनदा शिव्या दिल्या:
एकदाच धावायला घडवलेलं पोलाद,
रोजचं चालणं त्याला जमेना.
मिंगेल म्हणायचा, असू दे शेट,
वाड्यावर सगळ्यांच्या आधी माझा पाव फुगतो.

यंदा फेब्रुवारीत दुकान रिकामं केलं.
भाऊ म्हणाला, पितळ आहे, किलोवर जाईल.
मी ते खिडकीत धरलं.
आत सुई अजून जागेवर,
खाली टिकलीची रिकामी वाटी,
मध्ये तांदळाच्या कणीएवढं अंतर.
चवथीला आम्ही पिस्तुलाच्या टिकल्या दगडानं फोडायचो,
बोटं काळी व्हायची, नाकात तो वास.
सुईवर बोट टेकवलं. टोचली.

बाहेरच्या कड्यावर सेकंदांचे आकडे,
आणि खूण सतरावर.
हे इतकी वर्षं मी पाहिलंच नव्हतं.
म्हणजे कुणीतरी किल्ली लावून ते फिरवलं होतं,
समोर काहीतरी होतं, किती लांब ते मोजलं होतं,
बोट की पूल की माणसं,
सतरा म्हणून कुणी ओरडलं होतं, कुणत्या भाषेत कोण जाणे.
मग काय झालं?
हुकूम बदलला, तोफ अडकली,
की कुणाला नुसती शिंक आली?

मी मोजू लागले.
बारावर खालून मासेवाल्याची रिक्षा गेली.
पंधरा.
भाऊ गोणीचं तोंड बांधत होता.
सोळा.
सतरा.

अठरा म्हणताना जीभ अडखळली,
जणू हा आकडा
मला कुणी शिकवलाच नव्हता.